फोल्डरचं नाव भाभी

मंगळवार, संध्याकाळ

भाभी! माझ्या लॅपटॉपवर माझं नाव भाभी? आज शाळेच्या मीटिंगमध्ये माझी स्क्रीन पडद्यावर लावली आणि सगळा स्टाफ हसला. लॅपटॉप सुरू करून देणाऱ्याने मला न विचारताच ते टाकलं होतं. अकाउंटचं नाव मी केव्हाच बदललं, पण आतलं फोल्डर भाभीच राहिलं. त्याला फोन लावला, तर म्हणतो, "त्याले हात नका लावू भाभी, सगळं बिघडून जाईल. नवीन अकाउंट काढून फाइली तिकडे टाकू."

पुन्हा भाभीच! "मले नाव नाही का गा?" मी ओरडलेच.

"मग काय टाकू?"

"सुनंदा."

तणतणत फोन ठेवला, तेव्हा त्याचा नंबर मी कोणत्या नावाने ठेवलाय ते दिसलं. कॉम्प्युटरवाला.