कोपऱ्यातली दोन भोकं

पेनरिन, मंगळवार

प्रिय किटो,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा वृद्धाश्रमाचा कागदही. बाबांना तिथे कायमचं ठेवायला माझी सही हवी म्हणतोस. कारणं दोन : बोट गळते, ओल्या उशीवर त्यांना पुन्हा न्यूमोनिया झाला तर ते वाचायचे नाहीत, आणि बाबा बरळतात. पहिल्या कारणापुढे मी मान तुकवली होती. दुसऱ्याचं पुढे सांगते, तोवर चहा घेऊन बस.

गळतीवर तू कष्ट घेतलेस, नाही कोण म्हणतंय? आई गेल्यावर बाबा घर विकून बोटीवर राहायला गेले, तेव्हापासून दर ईस्टरला ब्रिस्टलहून येऊन तू केबिनच्या दारावरच्या त्या सरकत्या झाकणाभोवती सिलिकॉन चोपडतोस. एका वर्षी तर झाकणच चिकटवलंस, तेही बाबा आत असताना. ते आतून ओरडत होते, "गाढवा, जिवंतपणी पुरतोस काय मला!" आणि तू वरून, "ते राहू दे, थेंब येतोय का सांगा!" थेंब येतच होता. दर वर्षी सिलिकॉन जास्त, पाणीही जास्त. यावरून कुणालाच काही सुचलं नाही, कारण आपल्या घरात मेहनत दिसली की अक्कल विचारायची पद्धत नाही.

गेला आठवडा मी रजा काढून बोटीवर राहिले. धक्क्यावरचा हेडली, चाळीस वर्षं बोटी दुरुस्त करणारा, पाण्याचा पाइप घेऊन वर. मी आत, बाबांच्या उशीवर डोकं ठेवून. "आलं का, पोरी?" "नाही." "आता?" "नाही. थांबा... आलं, नाकातच आलं!" झाकण उघडताना पुढे सरकून ज्या कप्प्यात शिरतं ना, तो काठोकाठ भरून मागे सांडत होता. हेडलीने वरची फळी काढली. आत तळं. "अगं बये, याची भोकं कुठे गेली?"

किटो, त्या कप्प्याच्या कोपऱ्यांत दोन भोकं असतात. झाकण सरकायचं तर फट हवी, फट असली की पाऊस शिरणार. ते पाणी डेकवर निघून जावं म्हणून बोट बांधणाऱ्यानेच ती ठेवलेली. तुला वाटलं, पाणी तिथूनच येतं. तू ती बुजवलीस. मनापासून, दर वर्षी नव्याने. हेडलीने खिळ्याने टोकरून काजूएवढी दोन बुचं काढली. त्यानंतर तीन दिवस नैर्ऋत्येचा वारा आणि आडवा पाऊस. उशी कोरडी ठणठणीत.

आता दुसरं कारण. जानेवारीत न्यूमोनियानंतर आश्रमात ठेवल्यापासून बाबा नर्सला, डॉक्टरांना, जेवणाच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांना सांगतायत, "कोपऱ्यातली भोकं मोकळी करा रे." डोकं ठिकाणावर नसल्याचा पुरावा म्हणून तू नेमकं हेच वाक्य डॉक्टरांना लिहून दिलंस. आणि मी? मी त्यांचा हात थोपटत म्हणायचे, "हो बाबा, करते हं." तान्ह्या बाळाशी बोलावं तसं. एकदा त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. माझी लाज माझ्यापाशी. तुझी तू बघ.

सही करत नाही. कागद फाडून टाकलाय. आज सकाळी बाबांनी आश्रमाच्या बाहेर जाणाऱ्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. दारावरच्या बाईंनी विचारलं, "मिस्टर जेगो, परत कधी?" बाबा म्हणाले, "माझ्या बोटीवर चहाला या, तिथे ठरवू." आश्रमातून तुला फोन गेला असेलच. दुपारपासून तू मला आठ वेळा फोन केलास, मी उचलला नाही. फोनवर तू मला नेहमी गप्प करतोस, पत्राला मध्येच तोडता येत नाही. आत्ता बाबा बोटीवर माझ्यासमोर बसून मांस-बटाट्याची पेस्टी खातायत आणि मी दोर कसा चुकीचा गुंडाळला ते सांगतायत. उद्या भरतीला आम्ही दोघं बोट घेऊन खाडीपलीकडे सेंट मॉजला निघतोय. कुणाला विचारलेलं नाही.

अजून तरी तुझीच बहीण,
लव्हडे