मंगळवारचा तिसरा माणूस

स्लिवेन, मार्च

आदरणीय तोत्काताईस धाकट्या वेल्कोचा नमस्कार, आणि उजव्या हाताला एक आदराचा मुका.

तुझे गुडघे कसे आहेत? वार्नाच्या समुद्रवाऱ्याने हाडं धरतात हे मी तुझ्या लग्नातच सांगितलं होतं, पण तेव्हा मी शाळकरी होतो आणि लग्नघरात शाळकऱ्याचं ऐकतो कोण. भावजींना अजून मासे लागतात, की तुझ्यापासून लांब बसायला मिळावं म्हणून नुसताच गळ टाकून बसतात? (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तरी ते हसतील, चांगला माणूस आहे.) मी ठणठणीत आहे. वजन थोडं वाढलंय, त्याचं कारण पुढे येईल.

परवा फोनवर तू रडलीस, आपल्या आजोबांनी चर्चमध्ये घंटा वाजवली आणि हा नातू साठीला टेकल्यावर अमेरिकेच्या धर्मात चालला असं म्हणालीस, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. ताई, मी कुठेही चाललेलो नाही. मी फक्त तिसरा माणूस आहे. आता हे तिसरा माणूस प्रकरण काय ते नीट सांगतो, कारण तुझ्या कानावर जे आलंय ते आमच्या तळमजल्यावरच्या बाईकडून आलंय, आणि ती ऐकते एका कानाने आणि सांगते दोन तोंडांनी.

गेल्या शरदात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये दोन अमेरिकन पोरं राहायला आली. मॉर्मन, म्हणजे दारोदार फिरून आपला ख्रिस्ती पंथ सांगणारे. काळी पँट, पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, आणि पट्टीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे. वय एकोणीस-वीस. एल्डर टोलमन हा बटाट्याच्या शेतावर वाढलेला, कान लाल, बोलायला पुढे. दुसरा एल्डर हॉज, तो बोलत नाही, तो जेवतो. दोघं एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत, तसा त्यांचा नियमच आहे. एकाला पाव आणायचा असला तरी दुसरा पिशवी धरायला बरोबर. कॉफी नाही, चहा नाही, दारू नाही, सिगारेट नाही. आमच्या मजल्यावर पहिले काही दिवस समज असा होता की बिचाऱ्यांना काहीतरी पोटाचं आहे.

भिंत पातळ आणि माझे कान तुला माहीत आहेत. टोलमन रोज सकाळी भिंतीपलीकडे आमच्या भाषेत घोकायचा: नमस्कार, तुमच्या कुटुंबाला आनंद देईल असा एक निरोप आम्ही आणला आहे. मग दिवसभर दोघं ब्लॉकमागून ब्लॉक दारं ठोठावत फिरायचे आणि संध्याकाळी जिना चढायचे. ताई, गिरणी बंद पडल्यावर मी सहा वर्षं या शहरात दारोदार प्लॅस्टिकच्या खिडक्या विकल्या. जिन्यावरच्या पावलांवरून मला दिवस कळतो. या पोरांची पावलं म्हणत होती की आज कोणी पुरतं दारही उघडलं नाही. एका म्हातारीने त्यांना वीज मंडळाचे समजून मीटर दाखवला, तो त्यांचा त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस.

मला राहवेना. एका संध्याकाळी मी त्यांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, पोरांनो, निरोप चांगला असेल, पण दार उघडण्याआधीच आनंदाचं बोललं की माणूस खिसा सांभाळतो. परवा संत निकोलाचा दिवस आहे. या शहरात ज्याचं ज्याचं नाव निकोला, त्याच्या घरी त्या दिवशी कार्प मासा भाजलेला असतो आणि दार उघडं असतं. नामदिनाला आमंत्रण लागत नाही, आणि आलेल्याला परत पाठवलं तर वर्षभर लोक नावं ठेवतात. टोलमनने लाल कान आणखी लाल करून विचारलं, काका, हे फसवणं नाही ना? म्हटलं, मासा खरा, नाव खरं, भूक खरी, फसवणं कुठे आलं?

गेले. घरोघरी जेवले. निरोप मात्र एकाही घरी सांगता आला नाही, कारण तोंड उघडलं की कोणीतरी त्यात मासा घालायचं. (शाळेजवळचा तो टक्कल पडलेला निकोला त्यांना राकियाची दारू पाजायलाच निघाला होता. हॉजने पोट धरून दाखवलं, तेव्हा सोडलं.) परत येताना शेवटचं दार ठोठावलं ते माझ्या वरच्या मजल्यावरचं, गिंकाबाईंचं.

आता ताई, गिंकाबाईंचं तुला वेगळं सांगायला नको. चार वर्षं मी सांगतोच आहे, आणि चार वर्षं तू म्हणतेस, अरे मग बोल की तिच्याशी. मी बोलत होतो. त्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गॅसची टाकी वर नेली, दाराची घंटा दुरुस्त केली (दोनदा, पहिल्यांदा चांगली असताना). प्रत्येक वेळी ‘आभारी आहे, वेल्को’, आणि दार बंद. त्यांचा निकोला स्पेनमध्ये ट्रक चालवतो. आई इथे एकटी त्याच्या नावाचा मासा भाजून बसली होती आणि दिवसभर कोणी आलं नव्हतं. पोरांना पाहून बाईंचा चेहरा असा उजळला म्हणे. आणि ही पोरं उंबऱ्यावरच खांबासारखी उभी. नियम. एकट्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं तर बरोबर आणखी एक मोठा पुरुष हवा. बाई म्हणतात आत या, ही म्हणतात येता येत नाही, मासा गार होतोय. शेवटी दोघं धडधडत खाली आले आणि टोलमन म्हणाला, काका, पाच मिनिटं पुरुष म्हणून याल का?

ताई, मला आयुष्यात इतक्या सभ्यपणे कोणी बोलावलेलं नाही.

तेव्हापासून दर मंगळवारी धडा असतो. टोलमन शिकवतो, हॉज जेवतो, गिंकाबाई ऐकतात, आणि मी पुरुष म्हणून बसतो. चौथ्याच मंगळवारी टोलमन म्हणाला की धडे आता थोडेच उरलेत, आणि माझ्या घशात भोपळी मिरची अडकली. धडे संपले की स्वयंपाकघर संपलं. तिथून मी प्रश्न विचारायला लागलो. उपास करताना पाणी चालतं का? जुन्या काळात देव बोलायचा, मग मधे इतकी वर्षं गप्प का होता? पोरगा खूश व्हायचा, वही काढायचा, पुढच्या मंगळवारी उत्तर आणायचा, आणि धडा जिथल्या तिथे. खिडक्यांच्या धंद्यात याला गिऱ्हाईक मुरवणं म्हणतात, फक्त इथे मुरत होतो मी.

एकदा मात्र पोरगा पार अडचणीत आला. त्यांचा मोठा मुद्दा असा, की नवराबायको मेल्यावरही वरती कायमचे एकत्र राहतात. तो फार प्रेमाने सांगत होता. गिंकाबाईंनी चमचा खाली ठेवला. “म्हणजे स्तान्यो तिथेही असणार?” स्तान्यो म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. तीस वर्षं जेवताना रेडिओ लावून बातम्यांशी भांडायचा. “बाळा, मी पाद्र्यासमोर मरेपर्यंतचं कबूल केलं होतं. तो मेला. मी माझा शब्द पाळला.” टोलमन घाबरून म्हणाला की वरती बळजबरीने कोणाला बांधत नाहीत, दोघांची मर्जी लागते. बाई म्हणाल्या, मग बरं, आणि चमचा उचलला. या संधीला मी सहज, अगदी तात्त्विक म्हणून विचारलं: समजा एखाद्या विधवेने इथे दुसरं लग्न केलं, तर वरती ती कोणाची? टोलमन म्हणाला, वरिष्ठांना विचारून सांगतो. हॉजने पहिल्यांदाच जेवण थांबवलं. गिंकाबाईंनी माझ्या ताटलीत आणखी वाढलं. माझा हेतू कोणाच्याही लक्षात आला नाही.

आता तुझ्या कानावर गेलेला भाग. गेल्या आठवड्यात टोलमन फीत घेऊन आला, माझी छाती, कंबर, उंची मोजली. मला वाटलं, पोरांना अमेरिकेहून कपडे येतात, मलाही काही मागवताहेत. मी श्वास आत घेऊन उभा राहिलो. दार उघडं होतं आणि तळमजल्यावरची बाई तेवढ्यात वर आली होती. माप पांढऱ्या कपड्यांचं होतं, ताई. बाप्तिस्म्याचं. एवढे प्रश्न विचारणारा माणूस या देशात त्यांना दुसरा भेटला नव्हता. येत्या शनिवारी मला डोक्यापासून पायापर्यंत पाण्यात बुडवायचं ठरलंय, आणि सोमवारी टोलमनची दुसऱ्या गावी बदली आहे. या गावात त्याच्या हातून एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही.

पण तू काळजी करू नकोस. विक्रेत्याला नाही कसं म्हणायचं हे विक्रेत्याइतकं कोणाला कळत नाही. आज मंगळवार. आज मी वर जातो, हसून, पाठीवर हात ठेवून, एका वाक्यात सांगून मोकळा होतो.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
वेल्को

ता. क. जमलं नाही. मी कोट काढायच्या आधीच पोराने पांढरी पँट दाखवली, आईने बेतलेल्या नमुन्यावरून त्याने स्वतः शिवलेली, हाताने. मी म्हटलं, शिलाई चांगली आहे. ताई, तू शुक्रवारी फोन कर, रडून ओरडून माझ्या घरच्यांचा सक्त विरोध आहे असं सांग. परवासारखंच रड, उत्तम होतं.

ता. क. दोन. फोन करू नकोस. पत्र टाकायला निघालो होतो, जिन्यात पोरं भेटली आणि पाय आपोआप वर वळले. गिंकाबाईंच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर सांगितलं: मी प्रश्न धर्मासाठी विचारले नाहीत. टोलमन म्हणाला, काका, ते मला त्या विधवेच्या प्रश्नापासून ठाऊक होतं. म्हटलं, मग माप कशाला घेतलंस? तो म्हणाला, वाटलं, कदाचित. ताई, खिडकी नको म्हणणाऱ्याच्या खिडकीचं मापही मी असंच घेऊन ठेवायचो. तेव्हा गिंकाबाई म्हणाल्या, “धडा माझा होता ना? मग मला का कोणी विचारत नाही? सगळा वेळ हाच बडबडतोय. बाळा, ती फीत आण. आणि कंबर बघून हसलास तर याद राख.” टोलमन डोळे पुसत जिन्यात गेला, नियमाप्रमाणे हॉज त्याच्यामागे, पाव हातात घेऊन. दार उघडं होतं, पण स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि मला एक प्रश्न सुचेना. बाईंनी कट्टा पुसला, परत पुसला, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मग? त्या विधवेचं काय ठरलं?”

ता. क. तीन. ठरलं. शनिवारी गिंकाबाई पाण्यात, मी काठावर टॉवेल घेऊन. लग्न एप्रिलमध्ये. मला धर्म बदलायची सक्ती नाही, पण त्यांच्या घरात दारूचा थेंब आणि कॉफीचा वास चालणार नाही. तेव्हा ज्यासाठी खरं हे पत्र जाड पाकिटात घालतोय ते असं: भावजींना गाडी घेऊन शुक्रवारपर्यंत पाठव. तळघरात आलुबुखारच्या राकियाचे दोन मोठे बुधले आहेत, वर घोंगडी घालून तुमच्याकडे न्यावेत. भावजींनी चव बघू नये, मी खुणा केल्या आहेत. आणि इतकी वर्षं मी तुझ्याकडे फारसा आलो नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुझे गुडघे असे, भावाने दर महिन्याला यायलाच हवं.