अक्का, तुमची नाव पाण्यात उतरली

तीर्थरूप अक्का,

'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्हीच हसला असता. आपल्यात तो शब्द कधी नव्हता, मग आता कशाला उगाच?

पत्राचं कारण एवढंच की तुमची नाव परवा तापीत उतरली. गावात आता जो तो आपापली गोष्ट सांगतोय. कोणी म्हणतं, तुम्ही स्वप्नात येऊन मुलाला आज्ञा केलीत. कोणी म्हणतं, तापीमायनंच नाव मागून घेतली. तुम्ही कोणाच्या स्वप्नात आलेल्या नाहीत, निदान आमच्या घरात तरी नाही. काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचा मुलगा सांगणार नाही, त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी लिहायला बसले. तुमच्यासमोर मी त्यांना 'हे' म्हणायचे. पत्रात प्रकाश म्हणते, तेवढं चालवून घ्या.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात प्रकाशनं नावेचा सौदा केला. नरडाण्याच्या पुढे हायवेवर एक नवं हॉटेल झालंय, लॉन, कारंजं, मुलांसाठी घसरगुंडी असलेलं. त्याच्या शेठला जुनी नाव हवी होती. एका बाजूनं कापून दार करायचं, आत टेबलं टाकायची, डोलकाठीला लाल-हिरवे दिवे. लोक आत बसून शेवभाजी खाणार आणि फोटो काढणार!

मी अडवलं नाही. मला त्या नावेचं प्रेम कधीच नव्हतं. लग्नाच्या दिवशी पिंप्राळ्याहून निघून मी तुमच्या काठावर आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी पाहत होते. मधल्या धारेत नाव हलली आणि मी शालू सावरत उभी राहिले. तुम्ही सुकाणूवरून सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडलात, "खाले बैस! पाळनामा बठेल शे का तू?" नव्या नवरीशी सासूचं पहिलं बोलणं हे! सांगा बरं, याच्यानंतर मला नाव कशी आवडावी?

पण प्रकाशचं वेगळं होतं. त्याला नाव आवडत नव्हती असं नाही, त्याला ती डोळ्यांसमोर नको होती. सासऱ्यांना मी पाहिलंच नाही. त्यांच्याबद्दल जे कळलं ते शेजारपाजारच्या बायकांकडून. पूर आला होता, पलीकडच्या मळ्यात माणसं अडकली होती, आबा त्यांना आणायला गेले. शेवटच्या फेरीत नाव उलटली. नाव खाली वाळूत सापडली, आबा सापडले नाहीत. तेव्हा प्रकाश चौथीत होता.

आणि तुम्ही तेरावं झाल्यावर तीच नाव ठाकठीक करून घेतलीत, पदर खोचलात आणि माणसं पलीकडे न्यायला लागलात. लोकांनी तुमचं कौतुक केलं. प्रकाश मात्र नरडाण्याला मामाकडे शाळेला गेला तो परत राहायला आलाच नाही. त्या नावेत त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही, लग्नाच्या दिवशीही तो हायवेच्या पुलावरून फिरून आला. एसटीत ड्रायव्हर झाला, आयुष्यभर धुळे डेपोच्या गाड्या चालवल्या, पुलावरून किती वेळा गेला असेल! पण नदीकडे मान वळवून पाहताना मी त्याला कधी बघितलं नाही. तुम्हाला हे दिसलं नव्हतं का, अक्का? की दिसूनही बोलायचं नव्हतं?

असो. हॉटेलवाले आले, दोन माणसं आणि विजेवरचं कटर घेऊन. नाव तुमच्या घरामागे कडुलिंबाखाली होती तशीच होती. कटर चालू झालं. लाकडातून असा आवाज निघाला की शेजारच्या शेळ्या दावं तोडायला लागल्या. पात्यानं वीतभर काप घेतला आणि प्रकाश म्हणाला, "थांब."

तो पुढे गेला, त्या कापात बोट घातलं, आतलं लाकूड वाकून पाहिलं, भुसा बोटांवर चोळून वास घेतला. मग शेठला म्हणाला, "तुम्ही निघा. देत नाही मी."

शेठ चिडला. दिलेल्या शब्दाचं काय, म्हणाला. प्रकाशनं हात जोडले आणि पुन्हा तेच सांगितलं. गाडी गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "लाकूड आतून चांगलं आहे." बस्स. यापुढे एक शब्द नाही! गावातल्या स्वप्नाच्या गोष्टीचं मूळ एवढंच आहे.

तो निवृत्त होऊन घरात बसलेलाच होता. दुसऱ्या दिवसापासून धुळ्याहून सकाळच्या गाडीनं गावाला जायला लागला. नाव दुरुस्त करणारं आता कोण राहिलंय? मग त्यानं धुळ्यातून युसूफ मिस्त्रींना आणलं. ते ट्रकच्या बॉड्या बांधतात, डेपोतल्या दिवसांपासूनची ओळख. युसूफभाईंनी नावेभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "भाऊ, खरं सांगू? ह्याला चाकं असती तर मी डोळे मिटून केलं असतं."

तरी केलं त्यांनी. कुजलेल्या फळ्या काढल्या, सागवानी नव्या बसवल्या, कटरच्या कापावर असं ठिगळ मारलं की हात फिरवल्याशिवाय कळत नाही. प्रकाश त्यांच्या हाताखाली. रंधा मारायला शिकला, दोनदा अंगठा फोडून घेतला. घरी आला की बनियनमधून भुसा झटकायचा आणि गपचूप जेवायचा.

शिडाचं काम माझ्याकडे आलं. कोणी सांगितलं नाही, मशीन माझं म्हणून आलं. तुमचं जुनं शीड माळ्यावर होतं, उंदरांनी खाऊन जाळी केलेली. मापासाठी मी ते अंगणात पसरलं आणि बघते तर काय? मधोमध निळ्या फुलांचं मोठं ठिगळ! अक्का, ती माझ्या माहेरची चादर! लग्नात आईनं दिलेली. ती हरवली तेव्हा तुम्ही माझ्यासोबत दोन दिवस घर पालथं घातलंत, शेजारणीवर संशय घेतलात, तिच्याशी भांडायला निघालात. आणि चादर तेव्हा तापीवर वारा खात होती! काय म्हणावं तुम्हाला? मी अंगणात एकटीच हसले. मग टाके उसवून पाहिले. चांगले घातले होते तुम्ही, मान्य.

नवं शीड मांजरपाटाचं केलं, दुहेरी. घरच्या मशीनवर सुया मोडायला लागल्या तेव्हा मंडपवाल्याच्या दुकानात जाऊन त्यांच्या दणकट मशीनवर शिवलं.

आखाजीचा सण जवळ आला तसं प्रकाशनं ट्रॅक्टर सांगितला. बॅरेजच्या बंधाऱ्यामुळे आता गावाखाली पाणी चांगलं राहतं. अर्धं गाव जमलं, नारळ फुटला, पोरांनी आरोळ्या दिल्या, नाव घसरत पाण्यात गेली. आणि आमच्या डोळ्यांदेखत भरायला लागली. एका फटीतून नाही, सगळीकडून! गुडघाभर पाण्यात तुमची नाव तळाला टेकली, वर फक्त काठ आणि डोलकाठी. पोरं टाळ्या पिटत होती. कोणीतरी म्हणालं, हॉटेललाच द्यायची होती. युसूफभाई खाली मान घालून उभे. प्रकाशचा चेहरा मी पाहिला नाही, मुद्दाम पाहिला नाही.

तेवढ्यात नामदेव नाना काठी टेकत खाली उतरले. तुमच्या नावेवर वल्ही मारणारे तेच आता एकटे उरलेत. ऐकू कमी येतं, पण आवाज खणखणीत. म्हणाले, "बुडू द्या. लाकूड कोरडं व्हई जायेल शे. पानी पिवू द्या तिले. अक्का का बरं रोज हंडा वतत व्हती मंग?"

आणि मला तुम्ही दिसलात, चैत्राच्या उन्हात हंडा कमरेवर घेऊन कडुलिंबाकडे जाताना. पूल होऊन किती वर्षं झाली होती, नाव जमिनीवर पडून होती, आणि तुम्ही रोज तिच्यात पाणी ओतत होता. हापशीला रांग, नळ चार दिवसांनी, आणि ही बाई लाकडावर पाणी घालते! मी भांडले होते तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, "तिले बी तहान लागस." मला वाटलं, म्हातारपण. गाय असती, झाड असतं तर समजले असते. 'फळ्या सुकल्या की फटी पडतात' एवढं सरळ सांगायला काय झालं होतं? पण सरळ सांगणं तुमच्या घरात कोणाला येतच नाही. शेवटी तुम्ही आमच्याकडे धुळ्याला राहायला आलात, तेव्हापासून तिला कोणी पाणी घातलं नाही.

नाव बुडलेली राहू दिली. येणारेजाणारे चेष्टा करत होते, प्रकाश ऐकून घेत होता. फळ्या फुगल्या. मग पाणी उपसलं, राहिलेल्या फटींत नानांनी कापूस आणि राळ ठासायला लावली. परवा सकाळी नाव पाण्यावर बसली. खरंच बसली! आत बोटभरसुद्धा ओल नाही.

पश्चिमेचा वारा होता. नानांनी सुकाणू धरलं, दोन जण वल्ह्यांना, युसूफभाई शिडाच्या दोरीला. मीही चढले. का चढले ते विचारू नका. शीड मी शिवलं होतं, ते कसं भरतं ते बघायचं होतं. प्रकाश काठावर उभा. "तुम्ही जा. मी इथून बघतो," म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. "प्रकाश, एक बाजूले वजन कमी पडी राहीनं. ये, बैस."

वजनबिजन काही कमी नव्हतं, ते मलासुद्धा कळत होतं. पण आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, लोड एका बाजूला आहे म्हटल्यावर काय करणार? त्यानं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आला. फळीवर बसला, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, डोळे पायांकडे.

शीड भरलं. अक्का, कापडाला असा आकार येतो हे मला माहीत नव्हतं! आवाज नाही, धूर नाही, आणि काठ मागे जायला लागला.

मधल्या पाण्यात आल्यावर प्रकाशनं पहिल्यांदा मान वर केली. "नाना, कुठं झालं होतं ते?"

नानांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं विचारलं, आणि 'आबा' हा शब्द मी त्याच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकला.

नानांनी डावीकडे हात केला. "आते काय सांगू भाऊ? तवय काठ तठे व्हता. आते बठ्ठं पानीच शे." मग म्हणाले, "तुनी माय आठे उनी का वल्हं बंद. पानीमा हात घाले. तवय नावमा कोन्ही बोलाचं नही."

"रोज?" प्रकाशनं विचारलं.

"रोज. जातांना बी, येतांना बी."

नानांनी बाकीचंही सांगितलं. बाजाराचा दिवस असो, नावेत बैल असोत, इथे पोचलात की तुमचा हात पाण्यात जायचाच. एकदा कोणी नवखा माणूस 'उशीर होतोय' म्हणाला, तर त्याला तुम्ही पलीकडच्या काठावर उतरवून दिलंत आणि परत येताना घेतलं नाहीत. पूल झाला तेव्हा तुम्ही रडलात, ते पोटापाण्यासाठी असं सगळ्यांना वाटलं होतं. नानांना तसं वाटलं नव्हतं.

 प्रकाश युसूफभाईंना म्हणाला, "शीड जरा उतरवा." त्यांनी उतरवलं. नाव तिथेच हलकी हलकी डुलत राहिली. मी पाण्याकडे पाहिलं. पाणी पाण्यासारखंच होतं. तुमच्यासारखा हात वगैरे त्यानं पाण्यात घातला नाही. गोष्ट रंगवून सांगायची असती तर मी घातला म्हणाले असते. तो फक्त म्हणाला, "मला वाटायचं, तिला काही वाटलंच नाही."

कोणाला म्हणाला कोण जाणे. मी ऐकलं, म्हणून तुम्हाला कळवते.

आता तुमच्यावरचा राग सांगते आणि संपवते. एवढी वर्षं हा मुलगा तुमच्यावर रुसून राहिला आणि त्याचं उत्तर तुमच्या नावेत बसणाऱ्या परक्या माणसांना रोज दिसत होतं! एकदा हाताला धरून आणायचं होतं त्याला. ओरडायचं होतं, जसं माझ्यावर ओरडलात. माझ्यावर ओरडताना कधी विचार केला होतात का?

आखाजीला आमची मनीषा लेकीला घेऊन माहेरी येतेय. तुमची पणती आता बोलायला लागलीय, सारखं 'का' विचारते. हे कोण, ते कशाला, असं का? अक्का, तुम्हाला शब्द देते: तिनं तुमच्याबद्दल विचारलं की मी सगळं सांगेन. कडक होत्या, हट्टी होत्या, चोरट्याही होत्या हे सांगेन, आणि नदीच्या मध्यावर त्या गप्प का व्हायच्या तेही. उशीर करणार नाही. ज्या दिवशी विचारेल, त्याच दिवशी.

तुमची सून,
शैला