लंगोटांच्या घडीखाली

४ मार्च, सोमवार

परत तोच! चेहऱ्याच्या जागी गुलाबाचा फोटो लावून कॉमेंट करणारा. शाळेचं छत पडलं, ती बातमी मी फोनवर शूट करून चॅनेलला दिली. तिच्याखाली दोनशेच्या वर घाण शिव्या. त्यांचं एक वेळ सोडा. पण हा लिहितो— "पोरीला ताप, दात येतायत, आणि आई बाहेर मिरवतेय." ठकीला ताप आहे, हे याला कोणी सांगितलं?

५ मार्च

शेजारीणच असणार. काल गॅलरीतून विचारत होती, "काय गं, का रडते एवढी?" आज तिला मुद्दाम खोटंच सांगितलं, शनिवारी भावाकडे जाणार म्हणून. बघू कुठे उगवतंय ते.

हे म्हणाले, "मोठी आलीय बातमीवाली! सातवी नापास, आणि पंगा ठेकेदाराशी." ठेकेदार म्हणजे यांचे मालक. हे त्यांची गाडी चालवतात. छत त्यांनीच बांधलेलं. चार मुली जखमी झाल्या, त्यांचं काय?

सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू बोल गं. छान दिसतेस फोनात." त्यांना वाचता येत नाही. बरंच आहे— खालचं वाचलं असतं तर!

७ मार्च

"तुमचा जिना अंधारा आहे ना? पोरीला सांभाळ."

परत गुलाबाच्या फोटोवालाच! ठकीला कडेवर घेऊन पोलिसात गेले. हवालदार म्हणाला, "ताई, कशाला पडता असल्या भानगडीत? अकाउंट बंद करून टाका." झालं!

भावाकडचं काही आलं नाही. म्हणजे शेजारीण नाही. उगाच बिचारीवर... मग कोण? आज संपादक मॅडमनी ठकीची चौकशी केली, तर मी त्यांच्याकडेही संशयाने बघत बसले. चहा पण नको म्हटलं.

९ मार्च, शनिवार

दुसरी बातमी शूट झाली. ठेकेदाराने सिमेंट किती कमी वापरलं, त्याचे कागदच मिळाले. सोमवारी सकाळी लागणार.

कॅमेरा सुरू झाला की पाय लटपटतात माझे. मग मनातल्या मनात सातचा पाढा म्हणते. सात सत्तेपर्यंत आलं की आवाज सुटतो. हसतील म्हणून कोणालाच सांगितलं नाही. मॅडमना नाही, यांनाही नाही. फक्त इथे.

वही ठकीच्या लंगोटांखाली आहे. यांनी जन्मात लंगोटाला हात लावलेला नाही. तिथे कोण बघतंय!

१० मार्च

"सात सत्ते किती गं, बातमीवाली?"

गुलाबाच्या फोटोवाला.

मी उठून लंगोट बघितले. मी चौकोनी घड्या घालते. वरचे दोन नुसतेच गुंडाळून कोंबलेले. सासूबाईंना विचारलं, तुम्ही काढले का? "नाही गं बाई. सकाळी तोच काहीतरी उचकत होता. मला नवल वाटलं, आज कसा पोरीच्या कपड्यांत?"

जेवताना हे म्हणाले, "काय झालं? तोंड का उतरलंय?"

मी म्हटलं, काही नाही. अजून एक पोळी वाढली.

११ मार्च

वाचतोयस ना? तर आता अहो-जाहो संपलं. एकोणपन्नास. सात सत्ते एकोणपन्नास!

बातमी लागली. या पानांचे फोटो मॅडमकडे आहेत. ठकीला घेऊन निघालेय. तुझी आई पिशवी घेऊन दारात उभी आहे— "आटप गं लवकर, मी पण येतेय."

वही जागेवरच ठेवते. पुढची पानं कोरी आहेत.