गाभाऱ्याचा फोटो

२ मे १९५७
देवीलाल शेठ खूष! पेठेच्या गल्ल्या, जैन मंदिराचा कळस, मशिदीचे मिनार — सगळे फोटो आवडले. आता अल्बममध्ये मुरलीधराचं मंदिर तेवढं राहिलं. शेठ कापसाच्या जिनाचे मालक, मंदिराचे पंचही तेच. त्यांची अट एकच, फोटोत माणूस दिसता कामा नये. मला बरंच. माणसं हलतात, निगेटिव्हची काच वाया जाते.

३ मे
उजाडताच मंदिरासमोर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. रस्ता झाडणारी रुखमाबाई नेमकी पायऱ्यांपाशी. बाई, सरक जरा, म्हटलं. सरकली. मी काळ्या कापडाखालून बाहेर येतो तर शेजारीच उभी! यातून गाभाऱ्यातलं दिसते काय, म्हणून विचारत होती. इथून नाही दिसत, आत अंधार आहे, म्हटलं. तिचा झाडू खालच्या पायरीपर्यंत. वरचं पुजारी झाडतो.

५ मे
ऊन मरणाचं. औषधं तापली आणि दोन काचांवरचा थर सुटून गेला. बाटल्या दोरीला बांधून विहिरीत सोडल्या. यवतमाळच्या मोटारीनं नव्या काचा मागवल्या आहेत.

७ मे
गाभाऱ्याचा फोटो झाला. दार शेठनी स्वतः उघडून दिलं. निघताना बजावलं — प्रत एकच काढायची, ती त्यांच्या घरी. काचही त्यांच्याकडे. दुसऱ्या कुणाला दाखवली तर अल्बमचं काम विसरा! ठीक आहे. मला कुठं दाखवत फिरायची हौस आहे?

९ मे
संध्याकाळी उकंडा आला. रुखमाबाईचा मुलगा, शेठच्याच जिनात कामाला. गेल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. आता बुद्धपौर्णिमेला त्यांची अख्खी वस्ती दीक्षा घेणार आहे. अडून बसली आहे एकटी रुखमाबाई. जन्मभर ज्याच्या दारापुढं झाडलं तो देव एकदाही पाहिला नाही, न पाहता सोडायचा कसा, म्हणते. मी म्हटलं, आता कायदा आहे, ने तिला मंदिरात. तो हसला. कायदा शेठलाही ठाऊक आहे म्हणाला.
"मी त्या दारात जानार नाही, भाऊ. अन् मायले धक्के खाऊ देनार नाही. तुमच्यापाशी फोटो हाय. एक डाव दाखवा तिले."
शेठची अट सांगितली. निघून गेला. सुटलो! त्यांचा धर्म, त्यांचा देव — मी कशाला मध्ये पडू?

११ मे
शेठचा माणूस फोटो न्यायला आला होता. प्रत अजून ओली आहे म्हणून परत पाठवलं. सुकून केव्हाची तयार आहे! खोटं का बोललो कोण जाणे.

१२ मे
उकंडाला निरोप धाडला. भर दुपारी, पेठ निजलेली असताना, मायलेक आले. उकंडा बाहेरच राहिला, रस्त्यावर नजर ठेवून. रुखमाबाई न्हाऊन आली होती, धुतलेलं लुगडं नेसून. फोटो टेबलावर ठेवला. ती नुसती उभी. हात लावू काय, विचारलं. लाव, म्हटलं. तेव्हा कुठं उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. मूर्ती, समई, कोपऱ्यातली घागर, मागची काळी भिंत — सगळ्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडते.
"एवढंच?" म्हणाली.
आवाजात राग नव्हता. आणखी काही आहे का म्हणून तिनं फोटो उलटूनसुद्धा पाहिला.
"मले वाटे, आत लय काही असंन. म्हनूनच आमाले येऊ देत नसंन."
शरम वाटली, कशाची ते नीट कळलं नाही. फोटो तिनं जपून टेबलावर ठेवला आणि उकंडाला म्हणाली, चाल, उद्या लवकर उठा लागते.

१३ मे
पौर्णिमा. वस्तीत दीक्षा झाली. रुखमाबाई पुढच्या रांगेत होती म्हणे. फोटो आणि काच शेठकडे पोचवली.

१४ मे
शेठच्या देवघरात फोटो लागला. मलाही मुद्दाम बोलावणं. घरच्यांनी हात जोडले, शेठनी डोळे मिटले. लहानपणापासून मुरलीधरापुढं माझे हात आपसूक जुळतात. आज जोडायला गेलो आणि जुळेचनात.
शेठनी डोळे उघडले तेव्हा माझे हात खालीच होते.