मागच्या अंगणातल्या पच्चोंद्या

मी, अंबा सुब्रह्मण्यराव, वय शेहेचाळीस, अविवाहित, कॉलेजात प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, उलट घरातल्यांची नजर चुकवून लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात मद्रासला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मराठीत लिहिते, कारण माझा धाकटा भाऊ गिरीश याला देवनागरी वाचता येत नाही. त्याची बायको संगीता सोलापूरची. ती वाचून दाखवील.

१. बँकेतली ठेव आणि आईच्या पाटल्या कामाक्षी आत्याला. तिला सांभाळतो म्हणणाऱ्याला नव्हे, तिलाच.

२. घराचा पुढचा भाग वडिलांनी गिरीशला दिला. तिथे त्याचा एसटीडी बूथ आहे. मागच्या दोन खोल्या आणि अंगण माझं. अंगणात वन खात्याच्या लेखी परवानगीने मी पच्चोंद्या, म्हणजे रंग बदलणारे मोठे सरडे, वाढवते. सध्या एक नर, धाकटी मादी आणि ओलसर वाळूच्या डब्यात तिची अंडी आहेत. ती फुटायला अजून काही महिने लागतील. माझ्यामागे ती जगावीत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

३. अंगण गिरीशला मिळू नये. डिश अँटेना लावायला त्याला नेमकी पिंजऱ्यांचीच जागा हवी आहे. "अक्का, परदेशात अशा जोडीला काय भाव येत असेल?" असं त्याने हसत विचारलं होतं. तो उगाच हसत नाही. मग मद्रासहून त्याचा मित्र मारुतीतून आला आणि न्हाणीघर कुठे विचारून थेट पिंजऱ्यापाशी गेला. न्हाणीघर दुसऱ्या टोकाला आहे. त्याच दिवशी मी कुलूप बदललं.

४. गेल्या वर्षी थोरली मादी मेली. तिच्या पोटात अंडी होती. अशी मादी नराला नुसतं पाहूनही घाबरते, म्हणून मी दोन पिंजऱ्यांमध्ये गोणपाट लावलं होतं. एका सकाळी नर तिच्याच पिंजऱ्यात दिसला. ती काळीठिक्कर पडून कोपऱ्यात बसली होती. अंडी घालायला खाली मातीत उतरलीच नाही आणि तशीच गेली. मी गिरीशशी बोलणं टाकलं.

दिवाळीत फुलं गुंफताना आत्या म्हणाली, "आडी संपली तसं मीच सोडलं हो त्याला तिच्याकडे. नवराबायकोला किती दिवस अलग ठेवशील, बाई?" आडी या तमिळ महिन्यात नव्या नवरीला माहेरी नेतात, तसंच काही मी करते आहे असं तिला वाटलं होतं. पुढचा आवणी महिना लागताच तिने कडीला कुंकू लावून नराला आत सोडलं.

गिरीशवरचा तो एक संशय मी मागे घेते. बाकीचे कायम आहेत.

हे कलम आत्याला वाचून दाखवू नये. तिने विचारलं, तर थोरलीचं वय झालं होतं असं सांगावं.

५. अंडी उलटू नयेत. वरच्या बाजूला मी पेन्सिलीने ठिपका केला आहे. तो वरच राहावा. वाळू कोरडी पडू देऊ नये आणि भिजवूही नये. पिल्लांना वाटीतलं पाणी कळत नाही. पानांवर थेंब टाकावेत. फवारणी झालेल्या शेतातले नाकतोडे घालू नयेत. मोठी झाल्यावर वन खात्याला कळवून ओरत्तनाडूकडच्या झाडीत सोडावीत.

६. अंगण, खोल्या आणि किल्ली संगीताला. ती गिरीशची बायको आहे, हे मी विसरलेले नाही. पण परवा त्याने तिला माझ्याकडून किल्ली मागून आणायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही ते जनावर हातात धरून घरात आणलंत, तर मी सोलापूरची गाडी धरीन." तिला त्यांची शिसारी आहे. कौतुकाने उचलून घेणारे, जोडी जमवणारे, दाखवायला पाहुणे आणणारे मी पुष्कळ पाहिले. डॉ. वेंकटरमण जनावरांचे डॉक्टर. तेही 'फक्त बघतो' म्हणत अंड्यांच्या डब्याचं झाकण उघडतात. साक्षीला ठीक, किल्ली देऊ नये.

काल संगीताला बोलावून विचारलं. ती दारातच उभी राहिली.

"वन्सं, पाणी शिंपडीन, किडे टाकीन. पण हात नाही हं लावणार कधी."

"म्हणून तर तुला," मी म्हटलं.

तंजावूर, १४ नोव्हेंबर १९९५

सही: अंबा सुब्रह्मण्यराव

अंबाबाईंनी आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.
१. डॉ. वेंकटरमण
२. धनलक्ष्मी, शेजारीण