आतला कोपरा

काका, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी पन्नाशीला आल्यावर पुन्हा शिकायला लागलेय. डोंबिवलीचा आपला कारखाना, जिथे तुम्ही वेल्डर होतात आणि मी ड्रॉइंग काढायचे, तो केव्हाच सुटला. आता मी ठाण्यात, माजिवड्याला राहते आणि जवळच्याच एका कंपनीच्या डिझाइन खात्यात काम करते. तिथली मुलं माझ्या भाचीच्या वयाची. ड्रॉइंग पक्कं होण्याआधीच लोखंड कुठे दगा देईल ते संगणकावर बघून घेतात. एकदा त्यातली एक सहज म्हणाली, "मॅडम, तुम्ही फक्त मापं तपासा ना, अ‍ॅनालिसिसचं आम्ही बघतो." वाईट हेतूने नाही बोलली ती. पण त्याच आठवड्यात मी घरबसल्या शिकायच्या कोर्सला नाव घातलं. फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस. एखाद्या भागाचे संगणकावर बारीक बारीक तुकडे पाडायचे, जाळीसारखे, आणि त्यावर वजन टाकलं की कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते गणिताने काढायचं. तुम्ही हसला असता. "त्याला कशाला गणित, बाय?" म्हणाला असता.

आई गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. वर्ग रविवारी सकाळी अकराला. पहिल्या रविवारी मी चांगला ड्रेस घालून, केस विंचरून कॅमेरा लावून बसलेले. पडद्यावर तीसेक काळे चौकोन होते, प्रत्येकात नुसतं नाव. चेहरा एकट्या माझाच. हळूच कॅमेरा बंद केला. आता घरच्याच गाऊनवर बसते. सर छान शिकवतात, पण ते कुठल्या गावातून बोलतात तेही मला माहीत नाही. वर्ग संपला की सगळे "थँक यू सर" लिहितात, चौकोन एकेक करून जातात, आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. दोनदा तर मी तशीच बसून राहिले, कोणी काही बोलेल म्हणून.

शेवटच्या कामासाठी सरांनी सांगितलं, तुमच्या माहितीतला एखादा मोडलेला भाग घ्या आणि तो का मोडला ते दाखवा. सगळ्यांना शोधावा लागला असेल. मला नाही लागला. टाकीवरची मोटर धरून ठेवणारा तो ब्रॅकेट, काका. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नोकरीला लागून सहा महिने झालेले. तुम्ही माझं ड्रॉइंग घेऊन वर येता, हात कपड्याला पुसता आणि प्लेटच्या खाचेवर बोट ठेवता. "बाय, हा आतला कोपरा असा टोकदार नको ठेवू. आधी तिथं भोक मारू, मग कापू. गोल राहील. नायतर फाटंल." मी म्हणते, हिशेब केलाय, जाडी पुरेशी आहे. तुम्ही पुन्हा तेच सांगता. चारजण ऐकतायत. आणि मी म्हणते, "काका, ड्रॉइंगमध्ये जे दिलंय तेवढं करा. डिझाइन तुमचं काम नाही." तुम्ही कागदाची गुंडाळी करून जिना उतरलात. पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलाखाली पाय टेकायला एक लोखंडी पाट आला. उंच स्टुलावर माझे पाय लोंबकळतात हे तुम्ही कधी पाहिलंत, कोण जाणे. त्याच्या चारही कडा कानशीने घासून गोल केलेल्या, ओढणी अडकू नये म्हणून. मी तुम्हाला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. लाज वाटत होती.

पाच महिन्यांनी ब्रॅकेट फाटला. मोटर कलंडली, गिऱ्हाइकाचा माणूस थोडक्यात वाचला. मालक वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर ओरडले, "वेल्डिंग कोणाचं?" तुम्ही म्हणालात, "माझं." ते खरंच होतं, वेल्डिंग तुमचंच होतं. पण चीर वेल्डिंगमधून गेलीच नव्हती. ती कोपऱ्यातून निघालेली. मला ती दिसत होती, तुम्हालाही दिसत होती. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी हातातलं ड्रॉइंग आणखी घट्ट गुंडाळलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, निवृत्त होईपर्यंत. अठ्ठावीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस नट-बोल्टचे डबे देत बसला. आणि नव्या ड्रॉइंगमध्ये मी तो कोपरा गुपचूप गोल केला.

तर तोच ब्रॅकेट मी संगणकावर उभा केला, आधी टोकदार कोपऱ्याचा. ताणाचा आकडा आला. जाळी बारीक केली, आकडा वाढला. आणखी बारीक केली, आणखी वाढला. तीन रविवार मी माझी चूक शोधत होते. शेवटी माइक चालू करून सरांना विचारलं. कोर्समध्ये माझा आवाज पहिल्यांदाच कोणी ऐकला असेल. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं काही चुकलेलं नाही. कोपरा अगदी टोकदार असेल तर तिथे आकडा कुठे थांबतच नाही. गोलाई देऊन बघा." मी गोलाई दिली, तुमच्या ड्रिलच्या मापाची. आकडा थांबला. पन्नास वर्षांच्या बाईने रविवारी दुपारी संगणकासमोर बसून रडावं असं त्यात काही नव्हतं, पण मी रडले. शेजारी ऐकायला कोणी नव्हतं, हे एका अर्थी बरंच झालं.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी खडवलीला तुमच्या घरी आले नाही. ऑफिसात ऑडिट आहे असं सगळ्यांना सांगितलं. ऑडिट नव्हतं. काकूंनी दारात विचारलं असतं, "तुम्हीच का त्या ड्रॉइंगवाल्या?" आणि त्या प्रेमाने विचारतायत की रागाने, ते मला कळलं नसतं. हे पत्रही त्यांना नेऊन द्यावं असं दोन दिवस मनात होतं. नाही देणार. त्या अजून आहेत की नाहीत, याचीसुद्धा मी चौकशी केलेली नाही.

काम काल पाठवलं. पाठवण्याआधी खाली एक चौकोन होता, त्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्याच्यापुढे लिहिलेलं, हे काम संपूर्णपणे माझं स्वतःचं आहे, यात दुसऱ्या कोणाचंही योगदान नाही. मी थोडा वेळ थांबले, काका. मग खूण केली.